त्रेचाळीस पत्रं आणि एक उपाशी माणूस

नव्या बाई शाळेत रुजू झाल्या तेव्हा त्यांच्या एका हातात वळकटी होती आणि दुसऱ्या हातात निबंधस्पर्धेत मिळालेली ढाल. वळकटी त्यांनी खोलीत पसरली. ढाल खिडकीत ठेवायला गेल्या तर खिडकीला काचच नाही. मग ढाल तिथंच आडवी लावून त्यांनी वारा अडवला. कॉलेजात जिंकलेल्या बक्षिसाचा असा रोकडा उपयोग त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

शाळा डोंगराच्या उतारावर होती, आणि तीही निवासी. मुलं त्रेचाळीस, शिक्षक तीन, स्वयंपाकघरात मावशी एक. सकाळी दहाला बस यायची आणि संध्याकाळी पाचला तीच परत जायची. मधल्या वेळात ड्रायव्हर चिंचेखाली झोपायचा. बाईंचं वय तेवीस. सातवीतली दोन मुलं त्यांच्याहून उंच होती, म्हणून त्या फळ्याजवळ नेहमी लाकडी पायरीवर चढून शिकवायच्या आणि त्या खाली उतरल्या की पोरं त्यांची उंची मोजायची.

दर शनिवारी दुपारी सगळ्यांनी घरी पत्र लिहायचं, असा शाळेचा नियम होता. आधीच्या निवृत्त झालेल्या गुरुजींनी कटकट नको म्हणून पत्राचा नमुना भिंतीवर तैलरंगात रंगवून ठेवला होता: ‘प्रिय आई-बाबा, नमस्कार. मी इथे मजेत आहे. तुम्हीही मजेत असाल. अभ्यास चांगला चालला आहे. काळजी करू नये. तुमचा लाडका / तुमची लाडकी.’ पोरं मान वर करायची, मान खाली घालायची, आणि सात मिनिटांत त्रेचाळीस पत्रं तयार. पाचवीतला एक पठ्ठ्या तर दोन वर्षं इमानेइतबारे ‘तुमचा लाडका तिरकी रेघ तुमची लाडकी’ अशीच सही करत होता.

बाईंनी दोन महिने हे सहन केलं. नवव्या शनिवारी मात्र त्यांच्यातली ढाल जिंकणारी मुलगी जागी झाली. त्यांनी जगाचा नकाशा आणला आणि भिंतीवरच्या नमुन्यावर टांगला.

“आजपासून मजेत राहणं बंद,” त्या म्हणाल्या.

वर्ग चपापला.

“म्हणजे, लिहायचं बंद. या आठवड्यात तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं, कानांनी काय ऐकलं, पोटात काय गेलं, ते लिहा. खरं लिहा.”

पुढच्या बाकावरून चौथीतल्या चिमणीनं हात वर केला. चिमणी म्हणजे दोन वेण्या, एक पडलेला दात आणि दिवसभर चालणारं तोंड. “बाई, सगळं खरं?”

“सगळं.”

“तुम्ही वाचणार?”

“मुळीच नाही. पत्र हे ज्याचं त्याचं असतं. शुद्धलेखन अडलं तर विचारा, बाकी मी ढुंकूनही बघणार नाही.”

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं आणि मग लिहायला जी सुरुवात केली ती थांबेचनात. घंटा झाली तरी कुणी उठेना. चिमणीनं दुसरा कागद मागितला, मग तिसरा. बाई बाकांमधून फिरत होत्या आणि शंका येत होत्या.

“बाई, ‘उपाशी’तली शी पहिली की दुसरी?”

“दुसरी.”

“‘हाडं’वर टिंब आहे ना?”

“आहे.”

“‘मेलो’ला एकच मात्रा ना हो, बाई?”

“‘मे’वर एक आणि ‘लो’ला काना-मात्रा. छान!” बाईंचा ऊर भरून आला. कुठं ते ‘मजेत आहे’ आणि कुठं हे जिवंत शब्द! त्यांनी त्रेचाळीस पाकिटं न वाचता चिकटवली आणि सोमवारी पोस्टमनच्या हाती दिली. पोस्टमननं गठ्ठा हातात तोलून पाहिला आणि म्हणाला, “बाई, या वेळी पत्रं वजनदार दिसतात.”

“आहेतच,” बाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी सकाळी दहाची बस आली ती एका बाजूला कलंडत. एरवी तिच्यातून ड्रायव्हर आणि फार तर एखादं भाजीचं पोतं उतरायचं. आज माणसं उतरायला लागली ती संपेनात. एकानं डोक्यावर गादी आणली होती. दुसऱ्यानं घोंगड्या. एक आजोबा उंदराचा पिंजरा घेऊन आले होते. एकंदर एकोणीस पालक, आणि एकाच्याही चेहऱ्यावर मजा नाही.

सगळ्यात पुढं चिमणीची आत्या. चिमणीला तिनंच लहानाची मोठी केली होती. शिवणकाम करणारी बाई, गळ्यात अजून मापाची टेप तशीच. हातात चार पुडांचा डबा. फाटकाशी नव्या बाई दिसताच तिनं डबा पुढं केला.

“आधी त्याला जेवू घाला, मग माझ्याशी बोला.”

“कुणाला?”

“कुणाला म्हणून मलाच विचारता?” आत्यानं पदराच्या गाठीतून पत्र काढलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, “‘आमच्या वर्गात कोपऱ्यात एक उपाशी माणूस उभा आहे. त्याची सगळी हाडं मोजता येतात. आम्ही मोजली. सर म्हणतात तो चार वर्षांपासून इथंच उभा आहे. त्याला कुणी बस म्हणत नाही.’ अहो, माणसं आहात की कोण आहात?”

बाईंना आधी काही कळेना, मग एकदम कळलं. त्या आत्याला हाताला धरून विज्ञानाच्या वर्गात घेऊन गेल्या. कोपऱ्यात प्लॅस्टिकचा सांगाडा उभा होता. कुणीतरी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली होती.

आत्यानं त्याला खालून वर, वरून खाली, शिंप्याच्या नजरेनं निरखलं. “पण कार्टीनं खोटं काही लिहिलं नाही हं,” ती म्हणाली आणि डबा काखेला मारून बाकावर बसली. “बरं झालं. चार वर्षांचा उपाशी म्हणजे एवढ्या डब्यानं काय झालं असतं?”

बाहेर मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. सहावीतल्या एका उंच मुलाची आई त्याला छातीशी घट्ट धरून मोठ्या सरांवर कडाडत होती. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. अठरा वर्षं शाळा चालवणारे, चष्म्याला दोरी बांधलेले, मऊ बोलणारे. ते दोन्ही हात वर करून, “ताई, ऐका तर,” एवढंच म्हणत होते.

“काय ऐकू? ‘रविवारी मी सगळ्यांसमोर मेलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठे सर तर उभं राहून वाजवत होते.’ माझं पोर मेलं आणि तुम्ही टाळ्या पिटता?”

“आई, नाटक होतं!” मुलगा तिच्या काखेतून घुसमटत म्हणाला. “मी राजा होतो!”

“मग तसं लिहायला काय धाड भरली होती?”

“बाईंनी आठवड्यात काय झालं ते लिहायला सांगितलं. नाटकाचं नाव लिहायला सांगितलं नव्हतं.”

एकोणीस पालकांच्या अडतीस डोळ्यांनी नव्या बाईंना शोधून काढलं. मोठ्या सरांनीही. ते हळूच जवळ आले आणि पुटपुटले, “बाई, काय शिकवलंत यांना?”

“खरं लिहायला, सर.”

“अरे देवा,” सर म्हणाले. मग थोडं थांबून, “आता निस्तरायचं कसं तेही शिकवा.”

बाईंचं डोकं चाललं. त्यांनी सगळ्यांना मोठ्या वर्गात बसवलं आणि सांगितलं, की ज्याचं पत्र त्यानं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं. काय खरं, काय अर्धं खरं, तिथंच सोक्षमोक्ष होईल. लाकडी पायरी पुढं ओढली आणि एकेक पोर तिच्यावर चढू लागलं.

सुरुवातीला पालक हाताची घडी घालून बसले होते. ‘आमच्या खोलीत उंदीर आहे, तो माझ्यापेक्षा आधी जेवतो,’ हे ऐकून पिंजरेवाले आजोबा विजयी मुद्रेनं इकडंतिकडं पाहू लागले. मग पाचवीतली एक मुलगी वाचायला लागली, ‘मोठे सर रोज दुपारी दार लावून घेतात आणि आत एक मांजर रडतं. आम्ही दोनदा दूध ठेवलं पण ते बाहेर येत नाही.’ सगळ्यांनी सरांकडं पाहिलं. सर कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. “मी व्हायोलिन शिकतोय,” ते म्हणाले. “पत्रानं. धडे टपालानं येतात.” एवढं ऐकल्यावर राजाच्या आईलाही हसू आवरेना, आणि त्या वर्गातला ताण फुग्यातल्या हवेसारखा सुटला.

त्यानंतर पैलवान उठला. पैलवान हे त्याला पोरांनी कौतुकानं दिलेलं नाव; अंगावर मूठभर मांस नव्हतं. त्याचे वडील सुतार. ते शेवटच्या बाकावर हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि आल्यापासून एक अक्षर बोलले नव्हते. पैलवाननं कागद धरला.

“‘बाबा, मला गणितात भोपळा मिळाला. पानातही रोज भोपळाच असतो. सकाळी भोपळ्याचं सार, दुपारी भोपळ्याची भाजी, संध्याकाळी सकाळचं आणि दुपारचं मिळून एक. माझ्या खाटेचा एक पाय हलतो. मी खाली चपटा दगड ठेवलाय. तुम्ही असता तर लगेच बसवला असता. खिडकीला काच नाही, त्यामुळे एक पाखरू रोज आत येऊन मला उठवतं. ते मला आवडतं. बाकी काय. रात्री सगळे झोपल्यावर तुमच्या रंध्याचा आवाज आठवतो.’”

सुतार उभे राहिले.

“मला वाचता येत नाही,” ते म्हणाले. “दुकानदार वाचून दाखवतो. दर आठवड्याला तेच. पुढंपुढं तो पाकीट न फोडताच सांगायचा, मजेत आहे म्हणून. मीपण मान हलवायचो. या वेळी म्हटलं, फोड तरी. त्यानं फोडलं, थोडं वाचलं आणि मला म्हणाला, बस जरा, हे तुझ्या पोराचंच आहे.” त्यांनी पिशवी खांद्याला लावली. “खाट कुठं आहे?”

पैलवान पायरीवरून उडी मारून त्यांच्या पुढं चालायला लागला. बाई नकाशाकडं तोंड करून उभ्या राहिल्या आणि त्यांनी उगाचच दोन-चार समुद्रांची नावं वाचली.

आता सगळं मार्गी लागलं असं वाटतंय, तोच मागच्या दाराशी भांडं आपटल्याचा आवाज झाला. दारात मावशी उभी होती. हातात डाव, डोळ्यांत निखारे.

“भोपळा काय? ऐकलं मी. चांगलं ऐकलं. मागच्या वर्षी याच कार्ट्यांनी शाळेमागं वेल लावले, साठ भोपळे लागले, आता मी काय त्यांच्यात वांगी उगवू?” तिनं कमरेचा फडका सोडला आणि खिळ्याला टांगला. “आजपासून माझी सुट्टी. जेवण पत्रातच वाचा.”

आणि ती निघून गेली. मोठ्या सरांनी घड्याळ पाहिलं. साडेअकरा. त्रेचाळीस मुलं, एकोणीस पाहुणे, चूल थंड. ते बाईंकडं वळले. बाईंनी काही ऐकायच्या आधीच स्वयंपाकघराचा रस्ता धरला.

मावशी मागच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. शेजारी भोपळ्यांची रास. बाई जवळ जाऊन बसल्या.

“मावशी, चुकलं माझं.”

“तुमचं कशाला चुकतंय? तुम्ही शिकलेल्या.”

“पोरांनी तक्रार म्हणून लिहिलं नाही हो. जे दिसलं ते लिहिलं.”

“तेच तर.” मावशीनं नाक ओढलं. “चौदा वर्षं मी इथं रांधते. दर शनिवारी पोरं लिहायची, मजेत आहे, मजेत आहे. मला वाचता येत नाही, पण गुरुजी सांगायचे. मला वाटायचं, त्यातली थोडी मजा माझ्या हातची असेल.”

निबंधस्पर्धेत असल्या प्रश्नाचा विषय कधी आला नव्हता. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी विळी ओढली आणि एक भोपळा त्यावर दाबला. भोपळा घसरला, उतारावरून गडगडत गेला आणि खाली झोपलेल्या ड्रायव्हरच्या पायाशी जाऊन थांबला. ड्रायव्हर दचकून उठला, त्यानं आधी भोपळ्याकडं आणि मग आभाळाकडं पाहिलं.

मावशीच्या ओठाचा कोपरा हलला, पण तिनं तो लगेच जागेवर आणला. “सरका. बोट जाईल. कुठून आणतात अशी माणसं!” तिनं विळी आपल्याकडं घेतली आणि दुसरा भोपळा सरसर चिरायला सुरुवात केली. चिरताचिरता, मान वर न करता विचारलं, “ती चिमणी. तिनं तीन कागद लिहिले म्हणे. माझ्याबद्दल काय लिहिलंय?”

बाईंना माहीत नव्हतं. त्या धावत गेल्या आणि चिमणीला, पत्राला, आत्याला आणि खिळ्यावरचा फडकाही घेऊन आल्या. चिमणीनं तिसरा कागद शोधला आणि पडलेल्या दातातून फुसफुसत वाचलं, “‘मावशी सगळ्यांना दोन-दोन पाव मोजून देते. पण माझ्याजवळ आली की तिचं गणित कच्चं होतं. ती एक, दोन म्हणते आणि तीन टाकते. मी तिला चूक सांगत नाही, कारण तिला वाईट वाटेल.’”

मावशीची विळी थांबली.

“गप, भवाने!” ती म्हणाली. “सगळ्या गावाला वाचून दाखव! आता सगळे तिसरा मागतील, ते कुठून आणू?” पण तिनं बाईंच्या हातातला फडका ओढून पुन्हा कमरेला खोचला. आत्यानं न विचारताच दुसरी विळी ओढली. राजाची आई आली, तिनं पीठ मळायला घेतलं. पिंजरेवाल्या आजोबांनी कांदे सोलायची जबाबदारी घेतली आणि सगळ्यांच्या वतीनं रडून घेतलं.

जेवायला दोन वाजले. पाहुण्यांना एवढी भूक लागली होती की त्यांनी भोपळ्याची भाजी मिटक्या मारत खाल्ली आणि दोनदा मागून घेतली. पोरांनी आपापल्या आईबापांकडं फितुरांकडं बघावं तसं बघितलं. आत्यानं उपाशी माणसासाठी आणलेला डबा मात्र चिमणीच्या बाकाभोवती तीन मिनिटांत साफ झाला.

दुपारभर सुतारांचा हातोडा वाजत होता. पैलवानच्या खाटेपासून त्यांनी सुरुवात केली, आणि मग हात थांबेना. अकरा खाटा, चार दारं, आणि बाईंची लाकडी पायरीसुद्धा त्यांनी घट्ट बसवली. खिडक्यांची मापं आत्याच्या टेपनं घेतली. पुढच्या आठवड्यात काचा घेऊन येतो म्हणाले. पैलवाननं वडिलांच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं आणि खडूनं एका खिडकीच्या चौकटीवर फुली मारली. तिथं काच बसवायची नाही.

पाचच्या बसनं सगळे गेले. मोठे सर आणि बाई फाटकाशी उभे होते. धूळ खाली बसल्यावर बाई म्हणाल्या, “सर, पुढच्या शनिवारी नकाशा काढू का?”

“छे. पोरं आता ऐकायची नाहीत. फक्त टाकण्याआधी पत्रं एकदा मला वाचू द्या.”

“नाही, सर,” बाई म्हणाल्या, आणि आपला आवाज एवढा ठाम कसा निघाला याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. “पत्र हे ज्याचं त्याचं असतं.”

सरांनी चष्मा पुसला. बरीच घासाघीस झाली आणि शेवटी तडजोड ठरली: पत्रात काय हवं ते लिहावं, पण शेवटी एक ओळ सक्तीची. ‘यायची गरज आहे’ किंवा ‘यायची गरज नाही’.

हा नियम चांगलाच चालला. पुढच्या शनिवारी राजानं लिहिलं, ‘आज मला सर्वांसमोर फाशी दिलं. यायची गरज नाही.’

दोघांनाही एक गोष्ट सुचली नव्हती, ती म्हणजे उत्तरं. आजवर घरून यायची तीही तसलीच, ‘आम्ही सर्व मजेत आहोत, अभ्यास कर.’ पण खरं लिहिण्याची लागण झाली ती पालकांनाही. महिनाभरानं पोस्टमन आला तेव्हा त्याची पिशवी फुगली होती. पोरांनी पाकिटं फाडली आणि पाच मिनिटांत मोठ्या सरांच्या खोलीपुढं रांग लागली.

“सर, मला घरी जायचंय. बाबांनी मिशी काढलीय. आई म्हणते ओळखू येत नाहीत. मला बघून ठरवायला हवं.”

“सर, आजोबा आजीशी तीन दिवस बोलत नाहीयेत. मीच मध्ये पडतो नेहमी.”

“सर, बाबा सही शिकलेत. दुकानदाराकडून. त्यांनी स्वतः केलीय, ही बघा, पण शेवटचं अक्षर भलतीकडं गेलंय. मला जाऊन दुरुस्त करायचंय.” हा पैलवान.

सरांनी हतबल होऊन हाक मारली. बाई वर्गातून बाहेर आल्या, त्यांनी रांग पाहिली आणि काय झालंय ते त्यांना विचारावं लागलं नाही. रांगेच्या टोकाला चिमणी होती, पेटी भरून, चपला घालून, पेटीवर बसून तयार.

“आमच्या शेळीला दोन करडं झालीत,” ती म्हणाली. “एक उभंच राहत नाही. आत्यानं तीनदा उभं केलं, तीनदा पडलं. माझ्याशिवाय ते कसं उभं राहील, बाई?”

बाई तिच्या पेटीवर तिच्या शेजारी बसल्या. “तू कसं उभं करशील?”

“आधी पोटाखाली हात घालायचा,” चिमणीनं हात करून दाखवला. “मग हळूच सोडायचा. पण पूर्ण सोडायचा नाही. आणि त्याच्याशी बोलत राहायचं.”

“काय बोलायचं?”

“काहीही. पण थांबायचं नाही.”

“मग हे आत्याला कळायला नको? बस पाचशिवाय निघत नाही. पोस्टमन अजून फाटकाशी पाणी पितोय.”

चिमणीनं फाटकाकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं. मग ती पेटीवरून उतरली, जमिनीवर पोटावर पडली आणि म्हणाली, “चार कागद द्या. आणि त्याला सांगा, पाणी हळू पी.”